आधी गुडघे

त्या दुधाच्या फार्मवर हुकूम कुणीही सोडू शके, पण मागच्या गोठ्यात तोंड उघडण्याआधी गुडघे टेकावे लागत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, मालकांनी केलेला नव्हता. तो मागचा गोठा सांभाळणाऱ्या बाईने केला होता, आणि त्यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे गुडघेबाई. पाठीमागचं नाव तिला माहीत होतं. ते तिला आवडायचंही, पण तसं तिने कधी कुणाला कळू दिलं नाही.

मागच्या गोठ्यात आटवलेल्या गाई असत. गाय व्यायला दोन महिने उरले की तिचं दूध काढणं थांबवतात. तिच्या सडांना औषध लावून तोंडं बंद करतात, मागच्या पायाला लाल पट्टी बांधतात, म्हणजे कुणी चुकून मशीन लावू नये. मग तिने दोन महिने खायचं, बसायचं आणि पोटातलं वासरू वाढवायचं. कामगार या जागेला 'सुट्टीचा गोठा' म्हणत. पुढच्या दूधशेडमध्ये नवी मशीन, नवे दिवे, धुतलेल्या फरशा. मागे मात्र सगळं उरलंसुरलं. उरलेला पेंढा, दांडा मोडलेलं फावडं, एक गळका नळ. दूध न देणाऱ्या गाईकडे ढुंकून कोण बघणार? मावशीला तिथे टाकलं तेव्हा लोकांना वाटलं, बाईसुद्धा उरलेलीच दिसतेय.

त्या उरलेल्या बाईने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कामाला लावलं. सकाळ-संध्याकाळ पेंढा पसरून झाला की ती उभ्याची धाडकन गुडघ्यांवर पडायची. दुखलं तर थर कमी आहे. साडी ओली झाली तर पेंढा बदला. "गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते," ती सांगायची, "अख्खं धूड त्या दोन वाट्यांवर येतं. तुम्हाला नुसतं टेकवत नाही, तर तिने कसं बसायचं?" पेंढा पुरे झाला असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिने असं खाली बसवलं होतं. पेंढ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला. गुरांच्या डॉक्टरांना. एकदा वजनकाटा दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा, ज्याचा पेंढ्याशी काही संबंध नव्हता.

"या वयात बायका गुडघे जपतात," तिचा नवरा तेल चोळता चोळता म्हणायचा. तो दुधाची गाडी चालवून निवृत्त झाला होता आणि आता घरचा स्वयंपाक बिघडवत होता. "तू मात्र ते आपटत फिरतेस."

"माझे आहेत. आपटेन नाही तर काही करेन."

पण हे सगळं आलं कुठून, ते सांगायला तेहतीस वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा फार्मवर मशीन नव्हतं. सगळ्या धारा हाताने. तिची मुलगी जेमतेम दोन महिन्यांची झाली होती आणि थोरल्या मालकांचा निरोप आला, उद्यापासून ये, नाहीतर जागा दुसरीला देतो. ती गेली. जाणं भाग होतं. घरी सासूने बाळाला बाटली लावली, आणि हिच्या छातीवर धडपा करकचून बांधून दिला. दूध आपोआप जाईल म्हणाली. ते आपोआप गेलं नाही. तीन दिवस ती अकरा-अकरा गाईंच्या धारा काढत होती आणि तिची स्वतःची छाती दगड झाली होती. बादलीत दूध वाजायला लागलं की तिचं पोलकं भिजायचं. मुकादम बघून हसायचा. तिला ना कुशीवर झोपता येत होतं, ना पालथं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या काय ती झोप. अंगात ताप.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या गोठ्यात वैरण टाकायला गेली. तिथे कालच आटवायला आणलेली एक गाय उभी होती. बाकीच्या बसून रवंथ करत होत्या, ही उभीच. मागचे पाय फाकलेले, कास तट्ट फुगून चकाकत होती. भार या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. आदल्या दिवशीपर्यंत भरभरून दूध देत होती आणि एका सकाळी तिच्याकडे जाणं सगळ्यांनी बंद केलं होतं. तिला काय होतंय हे मावशीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिला रडू फुटलं. तिने बादली घेतली आणि गुपचूप थोडी धार काढली. गाय मोकळी झाली, बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

हीच तिची चूक. दूध काढत राहिलं की ते येत राहतं, आणि उघड्या सडातून घाण आत शिरते. पाचव्या दिवशी गाईला दगडी झाली. कासेचा एक भाग लाल, गरम आणि टणक झाला, आणि तो सड कायमचा गेला. पुढे तिचं वासरू तीनच सडांवर वाढलं. मावशीला कुणी बोल लावला नाही, कारण कुणाला कळलंच नव्हतं. तिने आपणहून तेव्हाच्या गुरांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गाईची कास हाताने तपासली. मग म्हणाले, "बाई, कळवळा आधी यायला हवा. बंद करण्याच्या आधी आठ दिवस. नंतर येऊन त्याचा काय उपयोग?"

ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. मग तिने त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. भरपूर दूध देणारी गाय एका झटक्यात थांबवायची नाही. आधी खुराक बंद, नुसती सुकी वैरण. धार दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड. दूध आपसूक उतरलं की शेवटची धार, सडांना औषध, आणि मग पट्टी. पाणी मात्र एक थेंबही तोडायचं नाही. पाणी तोडून गाय आटवणाऱ्या माणसाला ती माणसात धरत नसे. थोरले मालक गेले, मशीन आलं, पण ही रीत तिने भांडून भांडून टिकवली.

आठ महिन्यांपूर्वी व्यवस्थापक म्हणून मालकांचे जावई आले.

माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला गाय आधी कॉम्प्युटरवर दिसायची आणि मग गोठ्यात. कामगार त्याला साहेब म्हणत, मावशी जावईबापू म्हणायची, आणि त्यातली चेष्टा त्याला कळे की नाही हे कुणालाच कळत नसे. त्याने आल्या आल्या मागच्या गोठ्यात रबरी चटया टाकल्या आणि पेंढा निम्म्यावर आणला. चटया शोषत काही नाहीत. मूत तसंच साठायचं. मावशी रोज गुडघे ओले करून घेत होती आणि रोज सांगत होती. जावईबापू रोज "बघू" म्हणत होते.

मग आली ती यादी. सोमवारी सकाळच्या धारेनंतर नऊ गाई एकदम आटवायच्या. नववं नाव शेठाणीचं होतं.

शेठाणी म्हणजे थोराड, काळी-पांढरी गाय. दूधशेडमध्ये शिरताना आपलाच बंगला असल्यासारखी शिरायची आणि वाटेत कुणी आलं तर थांबायची नाही. दिवसाला चोवीस लिटर देत होती. बाकीच्या आठ जणी सात-आठ लिटरवर आल्या होत्या. त्यांना एकदम थांबवलं तरी फारसा त्रास नव्हता. शेठाणीचं तसं नव्हतं. मावशीने आदल्या सोमवारीच सांगून ठेवलं होतं, हिची आजपासून एक वेळ धार करा. त्यावरही "बघू" झालं होतं.

सोमवारी तिने आठ गाईंचं काम मुकाट्याने उरकलं. स्पिरिटच्या बोळ्याने सड पुसायचे, औषधाची नळी हळूच सोडायची, मग पट्टी. तिचे हात चालताना गाई कानसुद्धा हलवत नसत. नववी आली तशी तिने नळ्यांचा डबा बंद केला आणि त्याच्यावर बसली.

"हिची पट्टी?" जावईबापूंनी विचारलं.

"बांधणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नाही. फार अवघड शब्द नाहीये."

"मावशी, एका गाईसाठी वेगळं वेळापत्रक नाही करता येत. सगळी नोंद बिघडते."

"नोंद बिघडली तर पुसून लिहिता येते. कास बिघडली तर काय पुसणार? हिला व्यायला अजून अडुसष्ट दिवस आहेत. आठ दिवस मला दिले तरी साठ उरतात. तुमचं घोडं कुठे अडतंय?"

"ठीक आहे. मीच बांधतो."

"बांधा की. पण औषध कोण सोडणार? मागून परका आला की ती लाथ घालते. तुम्हाला बघून तर पुढून आलात तरी घालेल."

मशीनवर उभे असलेले दोघे फसकन हसले. जावईबापूंचे कान लाल झाले. त्यांनी फोन काढला आणि सासऱ्यांना बोलावलं.

धाकटे मालक साठीचे होते. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्यामागचं 'धाकटे' काही सुटलं नव्हतं. ते इस्त्रीची पांढरी पँट घालून आले, जावयाचं ऐकून घेतलं, मग मावशीकडे वळून जरा मवाळपणे म्हणाले, "मावशी, उगाच कशाला ताणता? नव्या पद्धती आहेत. द्या पट्टी बांधून."

"देते," ती उठली. "ती गाय आज जिथे जाणार, तिथे आधी चला."

मागच्या गोठ्यात ती त्यांना अगदी मधोमध घेऊन गेली. मागोमाग दूधशेडमधले सगळे आले, कुणीही न बोलावता.

"टेका गुडघे."

"मावशी!" जावईबापू ओरडले. "कुणाशी बोलताय तुम्ही?"

"मालकांशी. गोठा त्यांचा आहे, त्यांना माहीत नको?"

धाकटे मालक थोडे हसले. ते लहान असताना या गोठ्यात खेळलेले होते, आणि सगळे बघत असताना मागे फिरणं त्यांना जड गेलं. ते खाली वाकू लागले. "हात टेकायचे नाहीत," मावशी म्हणाली. ते धपकन गुडघ्यांवर आले आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. उठले तेव्हा पांढऱ्या पँटवर दोन पिवळट, ओले गोल उमटले होते. कुणी हसलं नाही. त्या गोलांकडे बघायचं की नाही हेच कुणाला कळेना.

"ही तुमची नवी पद्धत," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिची इच्छा नव्हती. "आता छातीवर एक घागर दूध घेऊन इथे बसून दाखवा. कुणी जवळ येणार नाही, कुणी विचारणार नाही. दाखवा बसून. मला माहीत आहे कसं असतं. तुमच्या वडिलांनी मला दोन महिन्यांच्या लेकरापासून उठवून आणलं. तीन दिवस मी या फार्मवर दगड झालेल्या छातीने धारा काढल्या. मला पाठ टेकवत नव्हती. मी तेव्हा बोलले नाही, चोवीस वर्षांची होते, घाबरले. आता मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि मला कुणाचीही भीती वाटत नाही. या गाईला तोंड आहे पण तिचं कुणी ऐकत नाही. माझं ऐकावं लागेल."

"आठ दिवसांत तिला काही झालं तर?" जावईबापूंनी विचारलं. त्यांना अजून धीर होता, हे मावशीला मनातून आवडलं.

"एका सडाला जरी दगडी झाली, तर मी त्या दिवशी घरी जाते आणि पुन्हा येत नाही. आणि नाही झाली, तर यापुढे मला विचारल्याशिवाय एकाही गाईचं नाव यादीत जाणार नाही. आणि पेंढा पूर्वीइतका."

धाकट्या मालकांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मान्य," ते म्हणाले. "पेंढा आजच पाठवा."

संध्याकाळी घरी नवऱ्याने ताट पुढे ठेवलं. पोळ्या नकाशासारख्या झाल्या होत्या. तिने सगळं सांगितलं तसा तो म्हणाला, "नोकरी पणाला लावलीस? मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता?"

"नाही."

"म्हणूनच."

त्याने तेलाची बाटली आणली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. "धाकट्यांना खरंच टेकायला लावलंस?" थोड्या वेळाने त्याने विचारलं, आणि दोघंही पोट धरून हसत सुटले. हसणं ओसरल्यावर तिने पाय मागे घेतला. बोलून तर बसली होती. शेठाणीची कास काही तिच्या बोलण्यावर चालणार नव्हती.

शेठाणीला मागच्या गोठ्यात आणलं, धार फक्त सकाळची ठेवली, आणि पहिले दोन दिवस तिने फार्म डोक्यावर घेतला. संध्याकाळी दूधशेडमध्ये मशीन सुरू झालं की ती फाटकाशी येऊन हंबरायची. खुराकाचं टोपलं येत नव्हतं, तोही राग होताच. जावईबापू येऊन बघून गेले.

"ओरडतेच आहे की. मग तुमच्या आठ दिवसांचा फायदा काय?"

"सवय मोडली की कुणीही ओरडतं. तुमचा सकाळचा चहा बंद करून बघा. ती खातेय का बघा, बसतेय का बघा. दुखणारी गाय बसत नाही."

बोलली खरं, पण त्या संध्याकाळी शेठाणी बसली नाही. मावशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. कास भरली होती, तट्ट नव्हती, पण भरली होती. शेठाणीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हंबरली. मावशीचा हात आपसूक खाली गेला. एवढीशी धार, कुणाला कळणार होतं? तेहतीस वर्षांपूर्वीही कळलं नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि पदरात घट्ट गुंडाळला. "सकाळी," ती गाईला म्हणाली. "सकाळपर्यंत दम धर बाई. मी पण धरते." तिने पेंढ्याचा आणखी एक भारा फोडून पसरला, धाडकन गुडघ्यांवर पडून पाहिलं, पाण्याची टाकी काठोकाठ भरली आणि मगच घरी गेली. वाटभर तिला मागून हंबरणं ऐकू येत होतं. ती एकदाही मागे वळली नाही, आणि हे तिला आयुष्यात केलेल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

सकाळी शेठाणीच्या एका कुशीला पेंढा चिकटलेला होता. म्हणजे बसली होती! मावशीने तो पेंढा झटकला नाही. जावईबापू येईपर्यंत तसाच ठेवला.

त्यानंतर दूध उतरत गेलं. एका वेळेला सोळा, मग चौदा, मग बारा. पाचव्या दिवशी सकाळी तिला मागचा डावा सड कोमट वाटला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दूध बशीत घेऊन त्यात औषध टाकून हलवलं. दुधाच्या गाठी झाल्या नाहीत. "मावशी, सड ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचाच हात गार पडलाय." ती फावडं उचलून कामाला लागली, पण त्या दिवशी तिने गोठा दोनदा धुतला.

आठव्या दिवशी शेवटची धार आठ लिटरची निघाली. मावशीने बोळे घेतले, चारही सड एकेक करून पुसले, नळ्या सोडल्या. शेठाणी शेपटीसुद्धा न हलवता उभी होती. मग तिने लाल पट्टी बांधली, दोन बोटं आत जातील इतकी सैल. करकचून बांधणं तिला मुळातच पसंत नव्हतं.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. औषध गेलं की मागे फिरता येत नाही. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा मागच्या गोठ्याच्या कठड्याशी सगळे जमले होते. दूधशेडमधले, डॉक्टर, धाकटे मालकसुद्धा. आज पँट काळी होती. शेठाणीने आवाजाकडे कान टवकारले. फाटकापर्यंत गेली. हंबरली नाही. माघारी आली, पेंढा हुंगला, एका जागी दोनदा गोल फिरली. गाईने पुढचे दोन्ही गुडघे टेकले, क्षणभर तशीच थांबली, आणि मग तिचं सगळं धूड सावकाश खाली आलं. एक लांब सुस्कारा टाकून ती रवंथ करू लागली.

मावशीच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तिने ती पुसली नाही. बघू देत. तेहतीस वर्षांत या गोठ्यात पहिल्यांदाच एखादीचं दुखणं सगळे मिळून बघायला आले होते.

कासेला पुढे काही झालं नाही. तीन आठवडे डॉक्टर तपासत राहिले आणि चारही सड धडधाकट निघाले.

मग एका सकाळी जावईबापू नवी यादी घेऊन मागच्या गोठ्यात आले. मावशी फावड्याने पेंढा सारखा करत होती. पलीकडे शेठाणी पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि तिला कुणाच्या येण्याजाण्याशी देणंघेणं नव्हतं.

"मावशी, पुढच्या महिन्यात सात गाई आहेत. म्हटलं, तुम्हाला विचारूनच..."

तिने मान वर केली नाही. "आधी गुडघे."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. सगळेच बघत होते. त्यांनी यादी खिशात घातली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि धाडकन खाली आले. उठून गुडघ्यांवरून हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," मावशी म्हणाली. "तुम्हाला माहीत असायला हवं होतं. दाखवा आता यादी."